दादा झोपतच नव्हता



या आठवड्यात खरं तर परीक्षेच्या भीतीबद्दल लिहायचं ठरलं होतं. अर्धं पान लिहूनही झालं होतं. तेवढ्यात दिघीहून एक पत्र आलं आणि ते पान बाजूला ठेवलं.

पत्र आठवीतल्या एका मुलीचं आहे. फुलस्केपची चार पानं, पाठपोट. 'मावशी, माझं नाव छापू नकोस' असं तिनं पहिल्याच ओळीत लिहिलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात. नाही छापत. मी तिच्या आईशी बोलले, आईनं तिच्या दादाला विचारलं. दादा म्हणाला, 'लिहू देत त्यांना. पण मला बिचारा करू नका म्हणावं.' त्याच्या या अटीवर ही गोष्ट तुमच्यापर्यंत येते आहे. घर ओळखू येईल असे बारीकसारीक तपशील मात्र मी बदललेत, बरं का.

दिघी तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पुण्याहून आळंदीला जाताना विश्रांतवाडी मागे पडली की लागते. लष्कराच्या लांबच लांब भिंती, दत्तगडाची टेकडी, आणि पलीकडे भोसरीची एमआयडीसी. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघाली की दिघीवरूनच जाते. या गोष्टीत ती पालखी पुढे येणार आहे.

तर आपल्या या मैत्रिणीचा दादा सतरा वर्षांचा. गेल्या वर्षी, अकरावीत असताना, दिवाळीनंतर तो गप्प गप्प झाला. सकाळी अंथरुणातून उठेना. क्रिकेटची बॅट कपाटामागे गेली ती तिथेच राहिली. आवडीची भाजी ताटात तशीच. बाबा म्हणाले, 'कॉलेजची हवा लागली, दुसरं काही नाही.' आईला वाटलं दृष्ट लागली, म्हणून तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दोन-अडीच महिन्यांनी तो हळूहळू उठला, हिंडूफिरू लागला, आणि घरानं सुटकेचा श्वास सोडला.

मे महिना संपता संपता मात्र उलटंच सुरू झालं. इथून पुढे तिच्याच शब्दांत सांगते:

'दादा रात्री झोपायचाच नाही. मी पाणी प्यायला उठले की हा स्वयंपाकघरात बसून वहीत लिहितोय. दोन वाजता, तीन वाजता. आणि सकाळी माझ्या आधी आंघोळ करून तयार! आई सगळ्यांना सांगायची, बारावीला लागला हो पोरगा. बाबांची त्या महिन्यात नाइट शिफ्ट होती, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तो अभ्यास करत नव्हता मावशी. दिघीपासून पंढरपूरपर्यंत दर दोन किलोमीटरवर पाण्याचा स्टॉल कसा लावायचा, त्याचे नकाशे काढत होता. त्यानं मला शपथ घातली होती, आईला सांगू नकोस.'

पालखीच्या दिवशी आईच्या भिशीचे पैसे कपाटातून गेले. दादानं त्या पैशांतून केळी आणली, पाण्याच्या बाटल्या आणल्या, रेनकोट आणले आणि रस्त्यावर उभं राहून वाटले. शेजारी म्हणाले, केवढा भाविक मुलगा! पण तो बोलायला लागला की थांबेना. एक वाक्य संपायच्या आत दुसरं, त्यात तिसरं. एक मित्र हसला तर त्याच्या अंगावर धावून गेला. मग दिंडीबरोबर चालत निघाला तो घरी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी पुण्यात सापडला. चपला कुठे तरी गेलेल्या, पायांना फोड आलेले, आणि चेहऱ्यावर थकव्याचा मागमूस नाही. सगळ्या वारकऱ्यांची जबाबदारी माउलींनी आपल्यावर टाकली आहे, आपल्याला झोपेची गरज उरलेली नाही, असं तो सांगत होता.

काही दिवस दवाखान्यात राहून आता तो घरी आहे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. ते नाव आपल्या मैत्रिणीनं मोबाइलवर शोधलं आणि ती घाबरून गेली. तिनं मला विचारलंय: दादा वेडा झाला का? मलाही होईल का? वर्गात काय सांगू? आणि चौथा प्रश्न शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात: मी आईला सांगितलं असतं तर हे झालं नसतं ना?

त्या बारीक अक्षराकडे मी येणारच आहे. आधी आजार म्हणजे काय ते पाहू. मी डॉक्टर नाही, शाळेत मुलांशी बोलणारी समुपदेशक आहे. औषधाची मात्रा वगैरे मी सांगणार नाही, ते काम डॉक्टरांचं.

भूगोलात तुम्ही उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव शिकलात. बायपोलर म्हणजे दोन ध्रुवांचा, मराठीत याला द्विध्रुवी विकार म्हणतात. एका टोकाला मन खोल उतरतं: काही करावंसं वाटत नाही, खाणं-झोप बिघडते, आपण कुचकामी आहोत असं वाटतं. याला नैराश्य म्हणतात. दुसऱ्या टोकाला मन चढतं: अंगात न संपणारी ताकद, डोक्यात कल्पनांचा पूर, बोलण्याला लगाम नाही, पैशाचा हिशेब नाही, आणि आड येईल त्याच्यावर राग. याला उन्माद म्हणतात. आता नीट लक्ष द्या. हे सकाळ-संध्याकाळ बदलत नाही. डॉक्टर नैराश्य म्हणतात ते निदान दोन आठवडे टिकलेलं असतं, आणि उन्माद निदान आठवडाभर, रोज, दिवसाचा बराचसा वेळ. अधल्यामधल्या काळात, कधी महिनोन् महिने, तोच माणूस तुमच्या-आमच्यासारखा असतो.

म्हणून मधल्या सुट्टीत हसणारी आणि गणिताच्या तासाला रडणारी मैत्रीण बायपोलर नसते. तिला बहुधा गणिताचा पेपर मिळालेला असतो! अलीकडे मुलं एकमेकांना हा शब्द चिडवायला वापरतात, ते मला मुळीच आवडत नाही. मधुमेह म्हणून कुणी कुणाला चिडवतं का?

आता या आजारातली फसवी गोष्ट सांगते. मन उतरलं की घरातल्या सगळ्यांना दिसतं. मन चढलं की दिसत नाही, उलट कौतुक होतं. या दादाचंच बघा ना. तो झोपून राहिला तेव्हा सगळ्यांनी बोल लावले. तो झोपेनासा झाला तेव्हा आई अभिमानानं शेजारी सांगत होती. तिचं तरी काय चुकलं? दहावी-बारावीच्या घरात रात्री तीनला दिवा जळतोय म्हणजे मुलगा सुधारला, असंच आपण सगळे समजतो. पहाटे उठणारं पोर शहाणं, आणि रात्रभर जागणारं त्याहून शहाणं!

मग ओळखायचं कसं? गणपतीत आरास करायला तुम्ही रात्रभर जागलात, तर दुसऱ्या दिवशी काय होतं ते आठवा. डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं, दुपारी शाळेत डुलक्या येतात, आणि संधी मिळाली की तुम्ही बारा तास झोपता. जागं राहणारं प्रत्येक मूल असं थकतं. उन्मादात ते थकत नाही. रात्री दोन-तीन तास झोपून, किंवा मुळीच न झोपता, सकाळी टवटवीत, आणि असं ओळीनं कितीतरी दिवस. झोप कमी होणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. डॉक्टर घरच्यांना पहिल्यांदा झोपेबद्दल विचारतात ते यासाठी. दिघीच्या घरात या प्रश्नाचं उत्तर एकाच व्यक्तीकडे होतं, ती आठवीत होती आणि शपथेत अडकली होती.

'वेडा' हा शब्द मी वापरत नाही. तो शब्द काही सांगतच नाही. दादाच्या मेंदूतली मन, उत्साह आणि झोप सांभाळणारी व्यवस्था अधूनमधून बिघडते, हे मात्र काहीतरी सांगतं. हा आजार बहुतेकांना पंधरा ते पंचवीस या वयात पहिल्यांदा गाठतो. अगदी लहान मुलांत तो क्वचितच दिसतो. २०१७ साली भारतात सुमारे ७६ लाख लोकांना तो असावा असा अभ्यासकांचा अंदाज होता. म्हणजे दिघीतलं हे एकटं घर नव्हे.

मलाही होईल का, या प्रश्नाला गोड खोटं उत्तर देणार नाही. हा आजार काही अंशी रक्ताच्या नात्यातून येतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी एकाला असेल, तर साधारण शंभरातल्या पाच ते दहा जणांना तो होतो. म्हणजे नव्वद किंवा त्याहून जास्त जणांना होत नाही, हेही त्याच गणितात आहे. बाबांच्या बोलण्यानं तो झाला नाही, दृष्ट लागून झाला नाही, वारीत गेल्यानंही झाला नाही. मूळ आधीपासून असतं. मोठा ताण आणि झोपेची ओढाताण त्याला जागं करू शकते.

आता थोडं विज्ञान, कारण दादाच्या गोळीचं नाव तिनं लिहिलंय आणि विचारलंय, 'लिथियम तर मोबाइलच्या बॅटरीत असतं ना?' असतंच! लिथियम हा निसर्गात सापडणारा धातू आहे. बॅटरीत त्याची काही रूपं असतात आणि औषधात त्याचा एक क्षार असतो. हे औषध सापडलं कसं ती गोष्ट मजेची आहे.

जॉन केड नावाचे एक ऑस्ट्रेलियन डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांच्या हाती सापडले आणि तीन वर्षांहून जास्त काळ सिंगापूरच्या चांगी छावणीत युद्धकैदी होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयात, वापरात नसलेल्या कोठीच्या खोलीत, त्यांनी गिनीपिगांवर प्रयोग मांडले. उन्मादाच्या रुग्णाच्या शरीरात काही विषारी पदार्थ तयार होत असावा, असा त्यांचा अंदाज होता. तो चुकीचा होता, बरं का. पण त्या प्रयोगात वापरलेल्या लिथियमच्या क्षारानं गिनीपिग शांत झाले. केड यांनी ते आधी स्वतः घेऊन पाहिलं आणि मग वर्षानुवर्षं उन्मादात असलेल्या एका रुग्णाला दिलं. तो काही महिन्यांत घरी आणि कामावर परतला. १९४९ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मात्रा जास्त झाली तर लिथियम विषासारखं वागतं. सुरुवातीच्या त्या काळात रक्तातलं प्रमाण मोजायची सोय नव्हती, आणि काही रुग्ण दगावलेही. आज ठरावीक काळानं रक्त तपासूनच ते देतात, किडनी आणि थायरॉइडवरही लक्ष ठेवतात. दादा तपासणीला जातो तो याचसाठी, त्याची तब्येत बिघडली म्हणून नव्हे. डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्कौ या डॉक्टरांनी १९५४ पासून लिथियमच्या काटेकोर चाचण्या केल्या. ते या औषधामागे इतके का लागले, ठाऊक आहे? त्यांचा स्वतःचा भाऊ वारंवार नैराश्यानं आजारी पडायचा, आणि या औषधानं तो सावरला. आपल्या मैत्रिणीला हे सांगावंसं वाटलं.

लिथियमखेरीज इतरही औषधं आहेत, आणि कुणाला कोणतं हे डॉक्टर ठरवतात. औषधाच्या जोडीला रुग्णाशी आणि घरच्यांशी नीट बोलणं, झोपेच्या वेळा पाळणं, हेही उपचारच आहेत. दादाचा हात कधी कधी किंचित थरथरतो, तहान फार लागते. पाण्याची बाटली सतत जवळ असते. या गोळीच्या माणसानं पाणी आणि मीठ एकाएकी कमी करायचं नसतं, कारण रक्तातलं प्रमाण वाढतं. जुलाब-उलट्या झाल्या, कडक उन्हात घाम गाळला, एकादशीचा निर्जळी उपास करायचा म्हटला, अंगदुखीची गोळी दुकानातून आणली, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

मग बरं वाटू लागल्यावर इतके जण औषध मधेच का सोडतात? दादानंच आईपाशी सांगितलं, 'ते दिवस मला आठवतात. इतकं छान कधीच वाटलं नव्हतं.' यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कुणालाही आवडेल असं वाटणं! पण त्या छान वाटण्याच्या शेवटी फाटलेले पाय होते, रिकामं कपाट होतं आणि रात्रभर पोराला शोधणारे बाबा होते. हे त्याला सारखं ऐकवायची गरज नाही, त्याला ते ठाऊक आहे. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, एवढं मात्र घरात सगळ्यांनी मिळून ठरवायला हवं. आईनं अंगारा लावला तर लावू दे, त्यानं काही बिघडत नाही. अंगारा लावला म्हणून गोळी थांबली, तर बिघडतं.

आता आई-बाबांशी दोन शब्द. मुलांनो, तुम्हीही वाचलंत तरी चालेल.

चिडचिडा, आदळआपट करणारा प्रत्येक मुलगा बायपोलर नसतो, आणि ही चूक मोठमोठ्यांनी केली आहे. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांमध्ये या आजाराच्या निदानासाठी होणाऱ्या भेटी जवळजवळ चाळीसपट वाढल्या. तेवढी मुलं खरोखर आजारी पडली नव्हती. सततच्या चिडचिडीला हे नाव दिलं जात होतं. पुढे २०१३ साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी अशा सतत चिडणाऱ्या मुलांसाठी वेगळं निदान ठरवलं. म्हणून एका भेटीत, पाच मिनिटांत, कुणी हे नाव सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोचू नका. उलट बाजूही आहे. मूल उदास म्हणून डॉक्टरांकडे नेलंत, तर पूर्वी कधी तो झोपेवाचून अति उत्साहात होता का, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, हे आपणहून सांगा. या आजारात नुसत्या उदासीच्या गोळ्या दिल्या तर मन कधी कधी दुसऱ्या टोकाला उसळतं. एखाद्या काकांबद्दलची घरात न बोलली जाणारी गोष्ट डॉक्टरांपुढे तरी बोला.

जायचं कुठे? पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात आणि पुण्याच्या ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तो विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. कंपनीचा आरोग्य विमा असेल तर तेही विचारा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळाला पाहिजे, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो.

आणि आता, माझ्या दिघीच्या मैत्रिणी, ते कोपऱ्यातलं बारीक अक्षर.

तू सांगितलं असतंस तर? कदाचित आठवडाभर आधी कुणीतरी डॉक्टरांकडे गेलं असतं. कदाचित आईनं 'अभ्यास करतोय ग तो' म्हणून तुला झोपायला पाठवलं असतं. मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. पण आजार तू आणला नाहीस. तो तुझ्या गप्प बसण्यानं झाला नाही आणि तुझ्या सांगण्यानं नाहीसाही झाला नसता. घरातल्या दोन मोठ्या माणसांना जे कळलं नाही, ते बाराव्या-तेराव्या वर्षी तुला कळायला हवं होतं, असा हिशेब कुणी मांडला तर तो मला मान्य नाही. तूही मांडू नकोस.

शपथेचं मात्र सांगते. भाऊ मॅच बघायला गेला हे आईला न सांगणं, ही शपथ पाळावी. ज्यात माणसाच्या जिवाला, तब्येतीला धोका आहे, ती शपथ पाळायची नसते. ही चहाडी नव्हे. दादा पुन्हा झोपेनासा झाला, किंवा 'जगून काय करायचं' असं काही बोलला, तर त्याच क्षणी आई-बाबांना उठव, नाइट शिफ्ट असली तरी फोन कर. दोघंही जवळ नसतील तर शेजारच्या काकूंना सांग, १४४१६ ला किंवा मुलांसाठीच्या १०९८ ला फोन लाव. आणि तिथे तुझं काम संपलं. रात्री उठून तो झोपलाय का हे पाहत बसणं तुझं काम नाही. तू लिहिलंयस की अजून रोज पहाटे तीनला तुला जाग येते. ती पाळी आता आई-बाबांकडे दे. त्यांना मी फोनवर सांगितलंय, त्यांनी हो म्हटलंय.

वर्गात काय सांगायचं ते दादाला विचार, कारण आजार त्याचा आहे. 'दादा आजारी होता, औषध चालू आहे, बरा होतोय' एवढं पुरे. यात खोटं काही नाही आणि सगळं उघडंही केलेलं नाही. कुणी जास्त खोदून विचारलं तर 'मला त्यावर बोलायचं नाही' म्हणायला तुला पूर्ण मोकळीक आहे. एक तरी मैत्रीण अशी ठेव, जिच्याशी पोटभर बोलता येईल. आणि दादावर राग आला तर येऊ दे. भिशीचे पैसे गेले, सहल हुकली, सगळं घर महिनाभर त्याच्याभोवती फिरत राहिलं. राग येणारच. आजाऱ्यावर रागावू नये असा काही नियम नाही.

पुढच्या वर्षी त्याला पालखीबरोबर दिघी ते पुणे चालायचंय म्हणे, डॉक्टरांना विचारून, झोप सांभाळून, बाबांच्या जोडीनं. तू विचारलंयस की ती नकाशांची वही फाडून टाकू का, आईला ती घरात नको आहे. फाडू नकोस. कपाटात ठेव आणि दादाला सांग कुठे ठेवली आहे ते. पाण्याच्या स्टॉलमधलं अंतर दोन किलोमीटर ठेवायचं की पाच, आणि ती वही ठेवायची की टाकायची, हे त्याचं त्याला ठरवू दे.

तुझी,
मावशी